ड्रायव्हरचा पगार
स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना तो वास आला की कर सल्लागारांचं जळगावचं ऑफिस आठवतं. प्लॉटच्या दलालीतल्या कमाईचं माझं पहिलंच रिटर्न भरायला मी पप्पांसोबत तिथे गेले होते. गिऱ्हाइकांना असोद्याकडच्या साइट दाखवायला एकटीनं जायचा मला धीर होत नसे, म्हणून पप्पा मोटरसायकलवर सोबत येत. सल्लागार म्हणाले, "पेट्रोल खर्चात धरलंय. गाडी कोण चालवतं? ड्रायव्हरला पगार देत असाल तर तोही वजा होईल." अनोळखी माणसासमोर खरं सांगायची मला लाज वाटली. मी पेट्रोलच्या पावत्या चाळू लागले, तेव्हा शेजारून पप्पा म्हणाले, "भाऊ, ड्रायव्हर मीच शे. पगार अजून ठरना नही." सल्लागारांनी हसून तो रकाना कोरा सोडला. यंदाही तो कोराच आहे, कारण आता गाडी मीच चालवते.