आठ जुलैचं इतिवृत्त

बुलाकनानच्या नगर परिषदेत सभेचं इतिवृत्त लिहायचं काम पर्पेतुआ साल्सेदो तेवीस वर्षं करत होती. तिला सगळे मानांग पेपिंग म्हणत. मानांग म्हणजे ताई, पण तिच्याहून वयानं मोठे नगरसेवकही तिला मानांगच म्हणत. तेवीस वर्षांत पाच महापौर झाले, सभागृहातले पंखे दोनदा बदलले. पेपिंग मात्र कायम झाली नाही.

तिचा करार सहा महिन्यांचा असे. तीस जूनला तो संपे, नवा सहीसाठी वरच्या मजल्यावर जाई आणि पंधरवड्यानं खाली येई. मधल्या दिवसांचा पगार नसे. पण सभा थांबत नसत, म्हणून तीही थांबत नसे. जानेवारी आणि जुलैचा पहिला पंधरवडा ती फुकट लिही. सगळे कंत्राटी तेच करत. त्याबद्दल बोललं तर करार खाली यायचाच नाही, अशी भीती प्रत्येकाला होती.

त्या वर्षी बारा ऑक्टोबरला तिला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. निवृत्ती पासष्टाव्या वाढदिवशी, आणि पेन्शनला कायम नोकरीची पंधरा वर्षं लागत. कंत्राटाची वर्षं त्यात धरत नसत. म्हणजे बारा ऑक्टोबरच्या आत कायम झाली तर ठीक, नाहीतर नाहीच. हा हिशेब तिनं कोणाला सांगितला नव्हता, पण कचेरीत तो सगळ्यांना पाठ होता.

आठ जुलैच्या सभेत दोन विषय होते. नदीकाठच्या एकशे बारा कुटुंबांना घरं बांधून द्यायला बँकेचं कर्ज घेणं, हा पहिला. पाच नवी कायम पदं, हा दुसरा. त्यात एक पद इतिवृत्त लिहिणाऱ्याचं होतं. कर्जाचा ठराव सहा विरुद्ध चार मतांनी झाला. पदांचा विषय पुढे ढकलला. पेपिंगनं दोन्ही गोष्टी नीट लिहिल्या आणि खाली सही केली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बँकेनं कागद परत पाठवले. कर्जाच्या अर्जासोबत कर्मचाऱ्यांची यादी जोडावी लागते, त्यांच्या करारांच्या तारखांसह. बँकेतल्या कोणा चिकट माणसानं ती यादी आणि इतिवृत्त शेजारी शेजारी ठेवून वाचलं होतं. पर्पेतुआ साल्सेदो यांचा करार सोळा जुलैपासून, मग आठ जुलैला इतिवृत्तावर सही करणारी ही बाई कोण, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांना ठराव नव्यानं हवा होता, किंवा ती बाई त्या दिवशी नोकरीत होती याचा कागद. मुदत एक महिन्याची.

सचिव क्रिस्पुलो, ज्यांना ती मानोंग म्हणजे दादा म्हणे, दुपारच्या खाण्याच्या वेळी तिच्या टेबलाशी आले. हातात तिचाच करार होता, नवा टाइप केलेला. त्यावर सोळाऐवजी एक जुलै लिहिलं होतं.

"एक सही कर, पेपिंग. तुझे पंधरा दिवसांचे पैसेही निघतील."

तिनं कागद दोनदा वाचला. "आणि पदांचा विषय?"

"तो पुढच्या वर्षी बघू. आधी कर्ज तर सुटू दे."

"मानोंग, बाकीच्या पंचेचाळीस पंधरवड्यांचेही असेच कागद करणार का?"

क्रिस्पुलो वाईट माणूस नव्हते. ते तिच्या टेबलाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "नव्यानं मतदान घेतलं आणि एखादा फिरला, तर गाव तुझ्या नावानं खडे फोडेल."

ते खरंच होतं. पण तेवीस वर्षांत न घडलेली गोष्ट तिनं कागदावर घडवली नव्हती. तिनं सही केली नाही. त्यात सचोटी किती आणि राग किती, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी बाजारात साबेल भेटली. साबेल नदीकाठची, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात विकायची; सगळे तिला नानाय म्हणजे आई म्हणत. तिनं नेहमीच्या दोन पुड्या दिल्या आणि पैसे घेताना पेपिंगचा हात धरून ठेवला.

"इंदाय, पोरी, माझं घर तुझ्या सहीवर अडलंय म्हणतात."

"माझ्या सहीवर नाही, नानाय. त्यांनी मला नोकरीत धरलं नव्हतं, त्यावर अडलंय."

"ते मला नको सांगू. गेल्या पुरात माझी चूल वाहून गेली. मला फक्त सांग, घर होईल का?"

पेपिंगला खोटं सांगता येईना. "मतदान परत होईल. सहा जण होते. सहाच राहिले तर होईल."

साबेलनं हात सोडला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. पेपिंगनं पुड्या पिशवीत ठेवल्या आणि ती कचेरीकडे चालू लागली.

अठरा सप्टेंबरला सभा झाली. बँकेची कटकट पुन्हा नको म्हणून त्या दिवशी इतिवृत्त सचिवांनी स्वतः लिहायचं ठरलं. पेपिंग पहिल्यांदाच पाहुण्यांच्या बाकावर बसली. शेजारी नदीकाठची माणसं होती. हातात पेन नसताना माणसं बोलतात ते ऐकायचं कसं, हेच तिला समजेना; बोटं मांडीवर आपोआप चालत होती.

नगरसेवक व्हियारोसांनी उठून विचारलं, आठ जुलैला आपण सगळे भुताला भाषणं ऐकवत होतो की काय. सभागृह हसलं. पेपिंगही हसली, मग तिच्या लक्षात आलं की सचिवांनी ते वाक्य लिहिलंच नाही.

कर्जाला एकेक हात वर झाला. पाच झाले. सहावे नगरसेवक बराच वेळ चष्मा पुसत बसले, आणि मग त्यांनीही हात वर केला. मागच्या बाकांवर कोणीतरी रडायला लागलं. साबेल तिथेच होती. तिनं पेपिंगकडे पाहिलं नाही, पण तिच्या शेजारी सरकून बसली.

मग पदं. कर्जाचे हप्ते धरले तर पाचांपैकी एकाच पदाला जागा उरत होती. व्हियारोसांना अग्निशमन गाडीचा चालक हवा होता. आग लागली की गाव कागद घेऊन पळणार आहे का, असं ते म्हणाले, आणि पेपिंगलाही ते पटलं. मतं पाच-पाच झाली. बरोबरी झाली तरच मत द्यायचं, असा उपमहापौरबाईंचा अधिकार. त्यांनी समोरचा सचिवांनी लिहिलेला कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला.

"पुढच्या वर्षी रस्त्यासाठी कर्ज काढायचंय," त्या म्हणाल्या. "हे अक्षर बँकेला मी वाचून दाखवणार नाही. माझं मत इतिवृत्ताच्या पदाला."

जाहिरात निघाली, एकोणीस अर्ज आले. सरकारी परीक्षा पेपिंग एकतिसाव्या वर्षीच पास झाली होती. नऊ ऑक्टोबरला उजवा हात वर करून तिनं शपथ घेतली. पासष्टीपर्यंत पंधरा वर्षं आणि वर तीन दिवस.

शपथेनंतर शेवया खाताना व्हियारोसा म्हणाले, "मानांग, पंधरा वर्षांत बिनपगारी रजा तीनच दिवस. नाहीतर पेन्शन गेली."

"दोनच, सर," पेपिंग म्हणाली. "एक तुमच्या अंत्ययात्रेसाठी राखून ठेवलाय."