खांबाला वळताना

मैदानाच्या कडेला तिवईवर फोन उभा असतो, त्यात खेळाडूंची हालचाल तपासणारं ॲप. मुली खो-खोच्या खांबाला वळसा घेतात आणि पडद्यावर त्यांच्या अंगावर हिरव्या रेषा उमटतात. काल एकीच्या गुडघ्यावरची रेष लाल झाली.

"गुडघा आत पडतोय. आज पळायचं नाही," प्रशिक्षक वैशाली म्हणाली.

"मॅडम, दुखत नाहीये!"

"तू थापा मारशील, गुडघा नाही मारणार. बस गुपचूप."

पोरी हसल्या. मी या संघाचा जुना प्रशिक्षक; बाकावरून बघताना मला वाटलं, त्या यंत्राला दिसतं आणि ते लगेच सांगून टाकतं. त्याला सामना जिंकायचा नसतो.

वैशाली माझ्याजवळ आली. "सर, तुमच्या वेळी हे असतं तर सुमनताईंचा पाय वाचला असता."

सुमन माझी सगळ्यांत चपळ खेळाडू. अंतिम सामन्यात खांबाला वळताना कोसळली आणि पुन्हा कधी पळाली नाही. तिनं दुखणं लपवलं, असंच मी इतकी वर्षं सांगत आलो. आताही मी नुसती मान डोलावली असती, तर ते तसंच राहिलं असतं.

"मला दिसलं होतं गं," मी म्हणालो. "आठवडाभर आधीपासून तिचा गुडघा वळताना आत जात होता. दुखतंय असं ती म्हणालीही होती. मीच पट्टी बांधली आणि ती कुणाला दिसू नये म्हणून वरून लांब पँट घालायला लावली."

वैशालीनं विचारलं, "हे सुमनताईंना सांगितलंत?"

"तिला माहीतच आहे. बाकीच्यांना सांगायचं राहिलंय."