डेमोला एक मुलगी पाहिजे

बाईंनी माझा उजवा हात मनगटाला धरून वर केला आणि माईकमध्ये म्हणाल्या, "हा बघा अस्वच्छ हात."

शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. मागे बॅनर. निरोगी मूल, निरोगी गाव, स्वच्छ किनारा. पुढं खुर्च्यांवर मुंबईहून आलेल्या मॅडम, त्यांच्या संस्थेची माणसं आणि आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. खाली सतरंजीवर अख्खी शाळा बसलेली. मी आठवीत होते.

सकाळी बाई वर्गात येऊन म्हणाल्या होत्या, "डेमोला एक मुलगी पाहिजे." वर्गावरून नजर फिरवतात तशी त्यांनी फिरवली नाही. सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, काहीतरी चांगलं असेल. मी वेणी सोडून पुन्हा घातली.

टेबलावर पाण्याचा टब, साबण, ब्रश. बाईंनी माझा हात पाण्यात बुडवला. "आधी तळहात. मग बोटांच्या मधे. मग नखं." पोरं त्यांच्यामागून ओरडून म्हणत होती. धुऊन झाल्यावर बाईंनी हात पुन्हा वर केला. "आणि आता बघा..."

थांबल्या. हात तसाच होता. काळा.

पोरं हसली. बाईंनी ब्रश घेतला. घासलं. आणखी घासलं. नखाच्या कडेची कातडी सोलली. मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "असू दे, सोडा तिला."

"वर्षांचा मळ आहे मॅडम," बाई म्हणाल्या. "एका दिवसात जायचा नाही. म्हणून तर हा कार्यक्रम."

टाळ्या.

तो मळ नव्हता. ओल्या सुपारीचा डाग होता.

आमच्याकडं, चौल-नागावच्या पट्ट्यात, वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. आमची कातकऱ्यांचीही वाडीच. म्हणजे टेकडीच्या पायथ्याला कुडाची घरं. शब्द एकच. त्यांच्या वाडीला पाट आहे, पंप आहे, पाणी आहे. आमच्या वाडीला फक्त नाव.

दिवाळी झाली की भाऊंच्या खळ्यात ओल्या सुपारीचे ढीग पडतात. आमच्या बाया ओळीनं बसून सोलतात. शाळा सुटली की मी आयजवळ बसायची. हिरव्या सालीचा रस बोटांना लागतो, वाळतो, काळा होतो. साबणानं जात नाही. राखेनं जात नाही. हंगाम संपतो, कातडी बदलते, तेव्हा जातो.

भाऊंनी माझा हात बघितला होता. डाग ओळखला होता. न ओळखून कसं चालेल, रोज संध्याकाळी ते त्या ओळीपुढून चालत जातात. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि खाली मान घालून त्यात बघत बसले.

मी तेव्हा का बोलले नाही? पुष्कळांनी विचारलंय. काय सांगू. चौदा वर्षांच्या पोरीचा हात बाईंच्या हातात असतो, माईक बाईंच्या तोंडाशी असतो. बोलायचं असतं हेच सुचत नाही. मलाही वाटलं, खरंच आपण घाण असू.

त्या दिवसापासून माझं नाव डेमो पडलं. "ए डेमो, सरक." "डेमोच्या बाजूला कोण बसणार?" मधल्या सुट्टीत खिचडी मिळायची. मी थाळी घेऊन भिंतीकडं तोंड करून खायची. मग खायचंच सोडलं.

घरी आयनं चिंच लावून घासलं. लिंबू लावून घासलं. मी रडत होते. ती म्हणाली, "डाग जाल गो. सुपारी संपली का जाल."

"तू सांग ना भाऊंना. सांग, डाग तुमच्या सुपारीचा हाय म्हणून."

आयनं लिंबाची फोड खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यांना म्हायती न्हाय असं वाटतं तुला?"

त्याच संस्थेकडून मुलांच्या मनाची काळजी घ्यायलाही एक ताई यायची. चांगली होती. हळू बोलायची. तिच्याकडं चेहऱ्यांची चित्रं असायची. हसरा, रागावलेला, रडका. "आज तुला कसं वाटतंय, त्यावर बोट ठेव." मी रडक्यावर ठेवलं. ताईनं माझं काळं बोट बघितलं. डोक्यावरून हात फिरवला. "बाळा, आपण कसं वाटून घ्यायचं ते आपल्या हातात असतं. डोळे मिट. लांब श्वास घे."

मी घेतला. श्वास घेताना पोटात भूक होती.

आता पाण्याचं सांगते.

वाडीच्या खालच्या अंगाला दगडी विहीर होती. आजा-पणजापासून आम्ही तिचं पाणी प्यायचो. जमीन आमच्या नावावर कधीच नव्हती. ज्याची होती त्यानं ती विकली. मी सहावीत असताना तिथं फार्महाऊस झालं, भिंत उठली. गेट आलं. वॉचमन आला. विहीर आत गेली. टेकडीवर चढलं की भिंतीपलीकडचं पोहायचं टाकं दिसायचं, निळंशार. शनिवारी-रविवारी त्यात माणसं पडलेली असायची. सोमवारी कुणी नसायचं. पाणी मात्र असायचं.

आम्ही वहाळावर गेलो. पावसाळ्यात तो ओढा वाहतो. फाल्गुन लागला की डबकी राहतात. वरच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, त्यांच्या संडासांच्या टाक्या त्या उतारावरच. वास यायचा. आम्ही फडक्यानं गाळून प्यायचो.

शाळेत शिकवायचे, पाणी उकळून प्या. आम्ही वहीत लिहायचो. पुढच्या तासाला शिकवायचे, झाडं तोडू नका, लाकूड जाळू नका, पर्यावरण वाचवा. तेही लिहायचो. घरी येऊन आयला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग उकलू कशावर?"

माझी धाकटी बहीण बुधी चौथीत होती. बुधवारी झाली म्हणून बुधी. बडबडी. कुणी मला डेमो म्हटलं की दगड घेऊन धावायची. त्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. जेवेना. उलट्या. शेजारणीनं झाडपाला बांधला, उतार पडेना. बाबा तेव्हा वीटभट्टीवर होता, लांब. आयनं तिला पाठीवर घेऊन रस्ता गाठला, रिक्षा केली, अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरनं चांगलं बघितलं. आयला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"वहाळाचं."

"ते बंद करा."

"बरं," आय म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बुधी परत आली नाही. तिला आणली तेव्हा चादरीतून तिचे पाय बाहेर आले होते. मी ते झाकले. इतकंच केलं मी तिच्यासाठी.

शाळेत तिच्यासाठी एक मिनिट उभे राहिले. मग सुट्टी दिली नाही, कारण तपासणी होती.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तोच कार्यक्रम पुन्हा आला. मॅडमना यावेळी बदललेली मुलगी पाहिजे होती. कार्यक्रमामुळं जिचं आयुष्य बदललं अशी. बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. पहिल्यांदाच दिली.

"तू बोलायचंस. मी भाषण लिहून ठेवलंय. पाठ कर."

मी कागद उभ्याउभ्याच वाचला. मी एक अस्वच्छ मुलगी होते. शाळेनं मला स्वच्छतेचं महत्त्व शिकवलं. इथवर ठीक होतं. एवढं मी म्हटलंही असतं. पण पुढं होतं: अज्ञानामुळे आम्ही पाणी उकळत नव्हतो. त्यामुळे मी माझी लहान बहीण गमावली. आता मी माझ्या वस्तीला जागं करणार आहे.

"बाई, हे असं न्हाय झालं."

"मला माहीत आहे गं." बाईंनी चष्मा काढला, पुसला. त्या दुष्ट नव्हत्या. थकलेल्या होत्या. "पण संस्था शौचालयं बांधून देणार आहे. मुलींसाठी. तुमच्याच मुली वापरतील ना? दोन वाक्यं म्हणायला काय जातं तुझं?"

मी घरी भाषण पाठ केलं. मोठ्यानं. आय चुलीपुढं होती. बहिणीचं वाक्य आलं तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. फक्त म्हणाली, "तुझ्या बाईंना इचार, मी मारली का माझी पोर?"

ते मी बाईंना विचारलं नाही. ते घेऊन स्टेजवर गेले.

मंडप तोच. भाऊ पुढच्याच खुर्चीत. मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली, बोल बोल अशी. मी माईक धरला.

"मी अस्वच्छ मुलगी नव्हते," मी म्हटलं. "माझ्या हाताला भाऊंच्या सुपारीचा डाग होता. भाऊंना म्हायती हाय. माझी बहीण अडाणीपणानं न्हाय मेली. आमची विहीर भिंतीच्या आत गेली. आम्ही घाण पाणी पितो, कारण चांगलं पाणी तुमच्याकडं हाय. माझी आय..."

माईक बंद झाला. मी बोलत राहिले. पुढच्या दोन रांगांपलीकडं काही पोचलं नसेल. बाई धावत आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या माईकवरून सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, "मुलगी जरा भावुक झाली आहे. बहिणीच्या दुःखातून सावरलेली नाही. तिच्या धाडसासाठी जोरदार टाळ्या."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी. भाऊंनीसुद्धा. मॅडमचे डोळे भरून आले होते. त्या पुढं येऊन मला जवळ घेत म्हणाल्या, "किती गोड बोललीस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हंगामात भाऊंनी आमच्या वाडीतल्या एकाही बाईला खळ्यात घेतलं नाही. सोलायला बाहेरून माणसं आणली. वाडीतल्या बाया आमच्या दारात आल्या. "तुझ्या पोरीनं आमच्या पोटावर पाय दिला." आयनं ऐकून घेतलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. मी कुडाला टेकून बसले होते. वाटलं, दोन वाक्यंच तर होती. म्हटली असती.

आय आत आली. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, "बोललीस ते बोललीस. आता रडू नको. रडलीस तर त्यांचं खरं व्हईल."

शाळेनं मला काढलं नाही. फक्त हजेरी सोडून माझं नाव घ्यायचं बंद केलं. प्रश्न विचारला नाही, वही बघितली नाही. संस्थेची शौचालयं झाली. पाणी नसल्यामुळं कुलूप लागलं. मी दहावी झाले, बारावी झाले. त्याचं पुढं काही झालं नाही. आज मी नागावला एका होमस्टेमध्ये चादरी धुते, खोल्या पुसते. पाहुणे समुद्रावर जातात, बाटल्या टाकून येतात. सोमवारी शाळेची पोरं रांगेत येऊन त्या उचलतात. पर्यावरण जागृती. आमच्या वाडीतली पोरं रांगेत सगळ्यात पुढं असतात, त्यांना सवय आहे म्हणून.

विहिरीसाठी मी पंचायतीत अर्ज दिला. अलिबागला तहसील कचेरीत दिला. खासगी मालमत्ता आहे म्हणाले. टँकरचं बघतो म्हणाले. टँकर येतो कधीमधी. गेल्या उन्हाळ्यात वाडीतल्या आणखी एका पोराचे डोळे पिवळे झाले. ते वाचलं. पुढचं वाचेल असं मी कुणाला सांगू शकत नाही.

संध्याकाळी मी वाडीतल्या पोरांना शिकवते. साबण लावा, पाणी उकळा, हे मीही सांगते. ते खोटं नाही. पण त्याआधी त्यांना टेकडीवर नेते आणि भिंतीपलीकडची विहीर दाखवते. ही आपली होती. ही कुणी घेतली. आपण आजारी का पडतो, ते इथून शिकायचं. एक पोरगी म्हणाली, "ताई, मंग ती परत मिळल का?"

मी "न्हाय" म्हटलं. पोरांशी खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

परवा शाळेच्या नव्या बाई वाडीत आल्या होत्या. कार्यक्रमाला वाडीतली एक मुलगी पाहिजे म्हणाल्या. मी दारात उभी राहिले. "मिळणार न्हाय. आजपासून या वाडीतलं एकही पोर तुमच्या स्टेजवर येणार न्हाय." बाई माझ्याहून लहान होत्या. गोंधळल्या. परत गेल्या. त्यांना दुसऱ्या वाडीत मिळेल.

या रविवारी फार्महाऊसचे मालक पाहुणे घेऊन येणार आहेत. गेट उघडं असेल. मी हंडा घेऊन आत जाणार आहे. वाडीत कुणाला चल म्हटलेलं नाही. आय म्हणाली, "मी बी येते." बास, आम्ही दोघीच.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका तळ्याचा धडा इतिहासाच्या पुस्तकात होता. कुणी पाणी प्यायला गेलं, कुणी अडवलं. बाईंनी तो पाठ करून घेतला होता. परीक्षेला हमखास येतो म्हणाल्या होत्या.

वॉचमन अडवेल. पोलीस येतील. माझं काम त्याच दिवशी जाईल आणि वाडी पुन्हा आमच्या दारात येईल. विहीर मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी जाणार. मारा, ओढा, गाडीत घाला. त्या गेटातून मी हंडा भरल्याशिवाय बाहेर येणार नाही.