कलर मोठा, सिक्वेन्स लहान

रविवारी दुपारी आमच्या मुलुंडच्या घरात पोकर चालतो. मुलगा, सून आणि वरच्या मजल्यावरचा मुलाचा मित्र हॉलमध्ये, मी किचनमध्ये. चहा न्यायचा, कप आणायचे. गावी गणपतीत तरी वेगळं काय केलं? पुरुष तीन पत्ती खेळायचे, आम्ही बायका ट्रे घेऊन मागे उभ्या. नवऱ्याच्या खांद्यावरून बघून बघून मी तो खेळ अख्खा शिकले, पण बस म्हणून कोणी म्हटलं नाही. नवरा गेला, तरी ती सल काही गेली नाही.

एका रविवारी मी ट्रे ठेवला आणि खुर्ची ओढली. "मलाही पत्ते वाटा."

मुलगा हसला. "आई, ही तीन पत्ती नाही गं. डोक्याला शॉट होईल."

"तू वाट रे."

सुनेने नियम सांगितले. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. मधे पाच पत्ते सगळ्यांचे. आधी तीन उघडायचे, मग एक, मग शेवटचा. हातातले दोन आणि मधले पाच, यांतून आपले सगळ्यात भारी पाच जमवायचे. दर टप्प्याला बोली लावायची, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. घरात पैसे लावलेले मला चालत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटीभर कडवे वाल.

तिसऱ्याच डावात मला अठ्ठी ते राणी सलग पाच पत्ते जमले. सिक्वेन्स! मी अख्खी वाटी मधे ओतली, पत्ते उघडले आणि वाल ओढायलाही लागले.

"आई, थांबा," सून हळूच म्हणाली. तिच्याकडे पाच किल्वर होते. "एका जातीचे पाच म्हणजे कलर. इथे सिक्वेन्सपेक्षा कलर मोठा."

"कोणी ठरवलं?" मी भडकलेच. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठी, कलर तिच्याखाली. शेंबडं पोरही सांगेल.

"राहू दे गं आई," मुलगा म्हणाला. "तू चहा टाक. ते तुला झकास जमतं."

तो प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मी उठले आणि मुकाट्याने चहा टाकला.

पण मरोळच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं पॅकिंगला काढली आहेत. एकदा दाखवलेली चूक माझ्या हातून परत झाली नाही. सुनेकडून पत्त्यांचा क्रम कागदावर लिहून घेतला आणि मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आठवडाभर चपात्या लाटताना तोंडाने तेच. जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स, कलर. तीन पत्तीत तीन सारख्यांच्या वर कोणी नाही. इथे बिचारे सिक्वेन्सच्याही खाली.

पुढच्या रविवारी मी न विचारता बसले. बराच वेळ पत्ते टाकत राहिले. मग हातात बदामाचा एक्का आणि बदामाची सत्ती आली. मधे बदामाचे गुलाम आणि नव्वी, शिवाय इस्पिक अठ्ठी. मग चौकट दुर्री. शेवटी बदाम चौकी. माझे पाच बदाम झाले. मी वाटी मधे रिकामी केली. सुनेने आणि मित्राने पत्ते टाकले.

मुलगा माझ्याकडे बघून हसला. "आई, परत सिक्वेन्स ना? तुला अजून तीच मोठी वाटते."

चेहरा कारखान्यात सुपरवायझरसमोर ठेवायचे तसा ठेवला.

त्याने आपले सगळे वाल पुढे सारले आणि दश्शी-राणी उघडली. अठ्ठी ते राणी, मागच्या रविवारी माझी होती तीच सिक्वेन्स. मी माझे दोन बदाम सावकाश ठेवले.

"कलर मोठा रे. सिक्वेन्स लहान."

वरचा मित्र टाळ्या पिटायला लागला. सुनेने माझा खांदा दाबला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या ताठ मानेने मी कधी बसले नसेन. गर्व वाटला, खोटं कशाला बोलू?

मुलगा उठला, रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले आणि किचनमध्ये गेला. भांड्यांचा आवाज आला. मग त्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

"आई, तू चहात साखर किती घेतेस गं?"

एकतीस वर्षांचा झालाय. पहिल्यांदा विचारत होता.

"एक चमचा," मी म्हटलं आणि पत्ते पिसायला घेतले.