विनताबाईंची कारखान्यातली रशियन

कल्पना करा, तुमचा मुलगा रशियातल्या एका कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात आहे. फोनवर तुम्हाला त्याला एकच गोष्ट विचारायची आहे: जेवतोस ना? पण फोन ऐकत बसलेल्या अधिकाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोललात, तर फोन कापला जाईल. म्हणजे रशियनच बोलायला हवी, आणि तुम्हाला तिचा एक शब्दही येत नाही.

जबलपुरातल्या अधारतालच्या शकुताई मेश्रामांवर हीच वेळ आली, तेव्हा त्या मागच्या गल्लीतल्या विनताबाई देवघऱ्यांकडे गेल्या.

विनताबाई तिथल्याच एका सरकारी कारखान्यात रशियन यंत्रांच्या पुस्तिकांचं भाषांतर करत. नोकरीला लागल्या तेव्हा कारखान्याने रशियनचा वर्ग काढला होता. वर्गात कूलर होता म्हणून नाव दिलं, असं त्या स्वतःच सांगतात. रशिया त्यांनी कधी पाहिला नाही. वंगण, गळती, तेलाचा दाब हे सगळं त्यांना रशियनमध्ये येतं. ‘उदास आहेस का’ हे येत नाही. यंत्र उदास होत नाही.

शकुताईंचा मुलगा अश्वजीत तिकडे गोदामात कामाला होता. तिथल्या मारामारीत एक माणूस मेला आणि अश्वजीतला लांबची शिक्षा झाली. वकील मधूनमधून कळवायचा. कोठडीतला दिवा रात्रीही जळतो. सकाळी खाट भिंतीला लावून कुलूप घालतात, दिवसा आडवं होता येत नाही. बाहेर नेताना कंबरेत वाकून, हात पाठीमागे धरून चालायचं. फिरायची जागाही चार भिंतींची, वर जाळी. शेवटच्या वेळी वकिलाने कळवलं, अश्वजीत जेवण परत पाठवतो आहे.

“दीदी, तुम्हीच विचारा ना, जेवून राहिला का म्हणून.”

“परवानगी फक्त आईला आहे. तूच बोल.”

“माझी अर्धी मराठी, अर्धी हिंदी. रशियन कुठं बसवू?”

“भांडताना तर चार भाषा निघतात तुझ्या. म्हण, पितानिये येस्त?”

“म्हणजे?”

“पितानिये म्हणजे पुरवठा. आमच्याकडे विजेचा होता. पण जेवणालाही तोच शब्द आहे, डिक्शनरीत पाहिलं मी. येस्त म्हणजे आहे.”

“म्हणजे पोराला विचारू, लाइट आहे का?”

“तुरुंगात आहे तो, समजून घेईल.”

शकुताई पोळ्या लाटतानाही तेवढंच म्हणत राहिल्या.

फोन आला त्या दुपारी विनताबाई शेजारीच बसल्या होत्या. पलीकडून आवाज आला, “मामा?”

शकुताईंनी घाबरून फोनवर हात ठेवला. “कोणाच्या मामाला विचारून राहिला?”

“अगं, आईला मामाच म्हणतात तिकडे. बोल!”

“पितानिये येस्त?” शकुताई जवळजवळ ओरडल्याच.

पलीकडे कोणीतरी जाड आवाजात काहीतरी म्हणालं, आणि लगेच अश्वजीतचा आवाज आला, “येस्त.” फोन बंद झाला.

“आहे म्हणाला! दीदी, जेवण आहे म्हणाला!” शकुताईंनी पदराने तोंड पुसलं आणि चहा टाकायला उठल्या.

विनताबाई खुर्चीतच बसून राहिल्या. येस्त म्हणजे ‘आहे’, हे खरंच. ‘खाणं’ यालाही येस्तच म्हणतात. पण वरच्याने हुकूम दिला की शिपाई उत्तर देतो तेही येस्त, म्हणजे ‘जी साहेब’.

पुढचा फोन तीन महिन्यांनी येईल. तोवर त्यांना कोण सांगणार, अश्वजीतने उत्तर आईला दिलं, की त्या जाड आवाजाला?