साहेबांचा पाय मुरगळू नये म्हणून

१४ जुलै २०२३ रोजी धुरी आणि वळंजू या वकिली कार्यालयाने कोर्ट कमिशनरच्या फीतले आपल्या वाट्याचे बारा हजार पाचशे रुपये भरले. पावती मीच घेतली, कारण कार्यालयाचे हिशेब मी बघतो. या पैशातून कमिशनर गोराईला गेले, वादाची जागा पाहून आले, आणि त्यांच्या अहवालाने आमचाच दावा बुडायची वेळ आली. काशीराम धुरींबद्दल लिहायचे तर इथूनच सुरुवात करणे बरे.

धुरींचे वडील गिरणीत होते. संपानंतर घर विक्रोळीच्या चाळीत आले आणि वडील एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी झाले. काशीराम दिवसा एका वकिलाकडे टंकलेखन करून संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जात. आज ते एकसष्ट वर्षांचे आहेत. बोरिवली पश्चिमेला एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, एवढेच आमचे कार्यालय. बाहेरच्या खोलीत मी आणि कपाटे, आतल्या खोलीत धुरी आणि त्यांची भागीदार निधी वळंजू. निधी त्यांच्याहून पंचवीस-सव्वीस वर्षांनी लहान, हुशार आणि तोंडाने फटकळ. धुरी तिला 'गो बाय' म्हणतात, ती त्यांना 'सर' म्हणते आणि दिवसातून दोनदा तरी भांडते.

धुरींच्या दोन सवयी सांगण्यासारख्या आहेत. एक, पक्षकाराकडून फुकट काही घ्यायचे नाही, पेरूसुद्धा नाही. दुसरी, प्रतिज्ञापत्रावर सही घेण्याआधी ते पूर्ण मराठीत वाचून दाखवायचे. पक्षकार घड्याळ बघू लागला तरी हे वाचतच राहतात.

अंजनाबाई आमच्याकडे आल्या त्या मार्चमध्ये. गोराईच्या कोळीवाड्यातल्या, साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. खाडीच्या कडेला त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून एक मोकळी जागा आहे. तिथे बांबूंच्या वलांड्या उभारतात, म्हणजे दोरी बांधलेल्या उंच रांगा, आणि त्यांवर बोंबील वाळत घालतात. सुक्या बोंबलांवर अंजनाबाईंचे, दोन सुनांचे आणि नातवंडांचे वर्ष निघते. शेजारची जमीन साकीनाक्याला वर्कशॉप असलेल्या मितेश सावलांनी रिसॉर्टसाठी घेतली, आणि त्यांच्या कागदात ही जागाही धरलेली होती. तारेचे कुंपण घालायला माणसे आली, तेव्हा अंजनाबाई त्यांनी कुंपणासाठी खणलेल्या खड्ड्यांमध्येच बसून राहिल्या.

दिंडोशीच्या न्यायालयात आम्ही दावा लावला. 'जैसे थे'चा तात्पुरता हुकूम मिळाला. कुंपण थांबले. मग सावलांच्या वकिलांनी, सर्वेश कोठाऱ्यांनी, जागेची पाहणी मागितली आणि जुलैची तारीख सुचवली. धुरींनी लगेच होकार दिला.

"लवकर होतेय तर होऊ दे," ते म्हणाले. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

त्याच संध्याकाळी त्यांनी अंजनाबाईंना फोन केला. मी समोरच होतो. "बाय, कोर्टाचे साहेब येणार आहेत. जागा जरा साफसूफ करून ठेवा. चिखल, काटेकुटे नकोत."

कोकणातला माणूस घरी कोणी येणार म्हटले की पहिल्यांदा अंगण झाडतो. त्या हिशेबाने त्यांच्या तोंडून ते सहज गेले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. निधीने तो उभ्यानेच वाचला आणि टेबलावर टाकला.

"सर, वाट लागली."

अहवालात लिहिले होते: जागा मोकळी व सपाट आहे. बांबू, दोरी किंवा कोणतेही बांधकाम आढळले नाही. खांब रोवल्याच्या खुणा नाहीत. वापर होत असल्याचे दिसत नाही. सोबत फोटो होते. जागा इतकी स्वच्छ होती की क्रिकेट खेळावे.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंना बोलावले. त्या लाँचने खाडी ओलांडून आल्या, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. धुरींनी अहवाल वाचून दाखवला.

"पावसात कुठं वलांडी असते? मासेमारी बंद असते," त्या म्हणाल्या. "बांबू काढून घरात ठेवतो, नायतर कुजतात. हे साहेबांना ठाव नाय?"

"बांबू नसतील, पण खड्डे?" निधीने विचारले. "खांबांचे खड्डे तर दिसायला हवेत ना?"

"ते बुजवले."

"बुजवले? कोणी?"

"मी नि माझ्या सुनांनी. दोन दिस खपत होतो. एवढे मोठे साहेब येनार, पायात बूट, पान्याने भरलेले खड्डे, कोनाचा पाय मुरगळला असता तर? तुमीच सांगितला ना, जागा नीट ठेव?"

धुरी खुर्चीत मागे टेकले. मग निधीकडे वळून म्हणाले, "माझीच चूक गो बाय. जुलैची तारीख घेतली ती मी, आणि साफ करायला सांगितलं तेही मीच."

"तुमची कशी चूक? खड्डे तर मी बुजवले," अंजनाबाई म्हणाल्या. "आता जागा जानार काय माझी? सरळ सांगा."

"असा अहवाल राहिला तर स्थगिती उठेल. उठली की ते कुंपण घालतील." एवढेच ते बोलले. खोटा धीर देण्याची त्यांना सवय नाही.

त्या गेल्यावर आत भांडण झाले. मधला दरवाजा बंद होता, पण तो प्लायवूडचा आहे.

"दुसरी पाहणी मागू," निधी म्हणत होती. "कारण पावसाळा. बस्स. पावसात वलांडी नसते हे कोणीही मान्य करेल. तुमच्या फोनचं कशाला लिहायचं?"

"खड्डे कुठे गेले, हे न्यायाधीश विचारतील."

"विचारलं तर बघू."

"आणि कमिशनर परत गेले, खणलं, ताजी माती लागली, मग? आपण लपवलं असं होईल. मग वलांडीचंही कोणी खरं मानणार नाही."

"सर, वकिलाने साइट बदलायला सांगितली, असं तुम्ही स्वतः लिहून देताय! कोठारे सोडतील तुम्हाला? बार कौन्सिलकडे तक्रार गेली तर? आणि तुम्ही प्रतिज्ञापत्र केलंत की तुम्ही साक्षीदार. मग या दाव्यात तुम्हाला उभं राहता येणार नाही."

"तू उभी राहशील."

"मी? सर, कोठारे मला कच्चं खातील."

"खाऊ देत. तू काही पचायला सोपी नाहीस."

मग टंकलेखन सुरू झाले. मजकूर धुरी सांगत होते, टाईप निधी करत होती.

प्रतिज्ञापत्र धुरींचे स्वतःचे होते, तरी त्यांनी सवयीप्रमाणे अंजनाबाईंना बोलावून ते वाचून दाखवले. "पावसाळ्यातील तारखेस मी पक्षकारास न विचारता संमती दिली. जागा साफ करण्याची सूचना मी दिली. त्या सूचनेमुळे पक्षकाराने खांबांचे खड्डे मातीने भरले. यात पक्षकाराचा कोणताही गैरहेतू नव्हता."

अंजनाबाई खवळल्या. "काढा ते. माझ्यापायी म्हातारपनी बदनामी घेता? लोक काय बोलतील, धुरी वकिलाला अक्कल नाय?"

"एवढ्यापुरती नव्हतीच," धुरी म्हणाले आणि पुढचा परिच्छेद वाचू लागले.

सुनावणीला कोठारे अपेक्षेप्रमाणे बोलले. पुरावा वादींच्या वकिलांनीच बदलला, आता दुसरी संधी कशाची? धुरी मागच्या बाकावर पक्षकारांमध्ये बसले होते, अंगात पांढरा साधा शर्ट. इतक्या वर्षांत मी त्यांना न्यायालयात काळ्या कोटाशिवाय पाहिले नव्हते. निधी उठली. तिने एवढेच सांगितले की लपवायचे असते तर हा कागद इथे आलाच नसता, आणि खड्डे बुजवता येतात, पण नव्हतेच असे करता येत नाही. खणून बघा.

न्यायाधीशांनी धुरींच्या दिशेने एकदा पाहिले. पाऊस संपल्यावर पुन्हा पाहणी करावी, वादी दाखवतील तिथे खणावे, तोवर जागेत कोणीही काही उभारू नये, असा हुकूम झाला. 'कोणीही' म्हणजे अंजनाबाईसुद्धा. मोसम सुरू झाला तरी वलांडी उभी करता येईना. सुना ओले बोंबील मिळेल त्या भावाने विकून मोकळ्या होत. अंजनाबाई धुरींना फोन करून शिव्या घालत, आणि शेवटी विचारत, "जेवलात काय?"

दुसऱ्या पाहणीची फी धुरींनी स्वतःच्या खिशातून भरली. कार्यालयाच्या खर्चात टाकू का, असे मी विचारले होते. ते नको म्हणाले.

पाहणी ऑक्टोबरच्या शेवटी झाली. मी निधीबरोबर गेलो होतो. सावलाही आले होते, पांढरे बूट घालून. कमिशनरांच्या माणसाने दाखवलेल्या जागी पहार घातली. वरची माती मऊ होती, कोपरभर सहज निघाली. खाली दगड आणि शिंपल्यांची घट्ट पाचर लागली आणि तिच्या मध्ये कधीतरी मोडून आत राहिलेल्या बांबूचा काळा पडलेला बुंधा. चार पावलांवर दुसरा. त्याच रेषेत तिसरा. तिसरा निघाल्यावर सावला निधीजवळ आले.

"मॅडम, मी ही जागा घेतली तेव्हा पण पावसाळा होता," ते म्हणाले. "मला खरंच रिकामी दिसली होती."

पुढे चालताना त्यांचा पाय उकरलेल्या खड्ड्यात गेला. अंजनाबाईंनी दंड धरून सावरले. "बघा," त्या सर्वांना म्हणाल्या, "उगीच बुजवले नव्हते."

डिसेंबरमध्ये आम्हाला, दाव्याचा निकाल लागेपर्यंत सावलांना मनाई करणारा हुकूम मिळाला. वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या. कोठाऱ्यांनी तक्रार केली नाही. का ते ठाऊक नाही. दावा अजून चालू आहे, तो निधी चालवते, आणि तारखेला धुरी मागच्या बाकावर बसतात.

त्या ऑगस्टमध्ये अंजनाबाईंनी आणलेली बोंबलांची पिशवी कार्यालयातच राहिली होती. ते बोंबील आम्ही तिघांनी वाटून खाल्ले. धुरींनी मला भाव विचारून पैसे द्यायला सांगितले. मी तीन वेळा पाकीट पुढे केले, तिन्ही वेळा अंजनाबाईंनी ते परत सरकवले. "निकाल लागू दे, मग घेईन," त्या म्हणतात.

दोनशे चाळीस रुपये त्यांना अजून द्यायचे आहेत.