डाव्या चाकामागचा चिरा

विश्वास ठेवायचाच झाला तर प्रेशर गेजवर ठेवावा, हे मला माझ्या कामाने शिकवले. देवचार, चकवा, राखणदार... आमच्या पेडण्यात भुताखेतांच्या आणि जागेची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तींच्या या गोष्टी ऐकतच मुले मोठी होतात. मीही ऐकले आणि सोडून दिले. आजही मी फार बदललो आहे असे नाही. जे घडले ते घडले तसे लिहितो, तुम्हीच वाचून ठरवा.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय वामनमामाचे. मामा आधी डिचोलीकडच्या खाणींवर आणि मग जांभा दगडाच्या चिरेखाणीवर मशीन चालवायचा. माझ्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी पणजीची बस चुकली, तेव्हा त्याने मला स्कूटरवरून नेले आणि पेपर संपेपर्यंत गेटबाहेर उन्हात उभा राहिला. परत येताना एवढेच म्हणाला, "मी मशीन चालवतंय. तू मशीन शिक."

मी शिकलो. आज लोडर, एक्स्कॅव्हेटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे.

मामाकडे असायचा तो स्किड स्टियर लोडर. छोटी मशीन, जागच्या जागी गिरकी घेते, अरुंद जागेत फार उपयोगी. ती थांबवण्याची मामाची एक पद्धत होती. पार्किंग ब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचे, खाली उतरून तंबाखू मळायची. मग चुन्याचे बोट एका चिऱ्याच्या तुकड्याला पुसायचे, तो तुकडा मागच्या डाव्या चाकाला टेकवायचा आणि म्हणायचे, "राखणदारा, सांभाळ रे."

खाणीवरचे लोक चिडवायचे, "वामनदादा, मगे कंपनीन ब्रेक कित्याक दिलोहा?"

मामा म्हणायचा, "ब्रेक कंपनीचो. दगड माझो."

एका दुपारी तोरसेच्या सड्यावर, खडकाळ पठारावर, ती मशीन उतारावरून मागे घरंगळली. एरवी जमिनीत रुतून मशीनला धरणारे पुढचे बकेट वेल्डिंगसाठी काढले होते, त्यामुळे अडवणारे काही नव्हते. एका कामगाराचा पाय चाकाखाली सापडला. माणूस वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी मेकॅनिक आणून ब्रेक तपासला. ब्रेक घट्ट धरत होता, तेलाचा कुठे थेंब नव्हता. निष्कर्ष सरळ होता — वामनने ब्रेक लावलाच नाही.

मी तेव्हा वास्कोला होतो, बंदरावरच्या एका मोठ्या कामात अडकलो होतो. घरी आलो तोवर मालकाने मशीन विकूनही टाकली होती. मामा ओसरीवर बसला होता. मला बघताच म्हणाला, "ब्रेक मी लावललो रे बाबू. मालकान हाक मारली म्हणान दगड तेवढो रवलो."

"माका ठाऊक आसा, मामा."

"तू एकदा बघ तिका."

"गावली की बघतंय," मी म्हणालो.

पण ती कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. एजंटामार्फत विकलेली, आणि एजंट दर वेळी वेगळे गाव सांगायचा. मामाला पुन्हा कोणी मशीनवर बसवले नाही. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण कामालाही बोलवत नसत. पुढे पुढे तर तो स्वतःच विचारायला लागला, "बाबू, लावललो मां मी ब्रेक?" मग छातीचे दुखणे सुरू झाले, डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, आणि गेल्या वर्षी मामा गेला.

यंदा मये गावाहून एक तक्रार आली. तळ्याच्या वरच्या अंगाला घरासाठी जमीन सपाट करण्याचे काम चालले होते. तिथल्या लोडरचे हायड्रॉलिक तेल कमी होत होते, आणि मशीन कधी कधी ओढल्यासारखी जड चालत होती. खाली मात्र थेंब पडत नव्हता.

सकाळी पोचलो. ऑपरेटर कुडाळचा, गुरुनाथ नावाचा हसरा माणूस. मशीनचा रंग नवा होता. केबिनमध्ये डोकावलो आणि तिथेच थांबलो. सीटच्या पाठीवर हिरव्या कापडाचे ठिगळ होते, मासे पकडायच्या जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेले. ते मामीने शिवले होते. माझ्यासमोर.

मी गुरुनाथला काही सांगितले नाही. कामाला लागलो. या मशीनचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. म्हणून ब्रेकच्या पाईपला लांब नळीचे गेज जोडले. पाईप, जोड, व्हॉल्व्ह पुसून कोरडे केले, त्यावर टाल्कम पावडर मारली आणि खाली पुठ्ठा पसरला. कुठेही तेल झिरपले तर पावडर काळी पडते. इंजिन चालू केले. दाब बरोबर होता. पावडर पांढरी, पुठ्ठा कोरडा, ब्रेक घट्ट... त्या मेकॅनिकला दिसले असेल तेच सगळे मला दिसत होते. मन खट्टू झाले.

चहाला बसलो. गुरुनाथ उंडा पाव चहात बुडवत म्हणाला, "साहेबांनू, एक इचारू? हसा नको."

"विचार."

"ह्या मशीनीक दगड कोण लावता?"

मी विचारले, "कसला दगड?"

"चिऱ्याचो तुकडो. मी जेवून येतंय, तर डाव्या चाकाफाटल्यान दगड. माका वाटला वॉचमन लावता. वॉचमनाक वाटला मी लावतंय. दोघव एकामेकाक शाबासकी देय होतो!" तो मोठ्याने हसला.

"रोज?"

"सकाळी कधी नाय. मशीन दोन-तीन तास राबली की मगेच."

मी चहा तसाच ठेवून उठलो. सकाळी नाही, राबल्यावरच... म्हणजे तेल तापल्यावर. ब्रेक नेहमी थंड असतानाच तपासला गेला होता. मीही आत्ता तेच केले होते!

दुपारपर्यंत गुरुनाथला मशीन दामटायला लावली. मग उतारावर तोंड वर करून उभी केली, आणि बकेट जमिनीपासून किंचित उचलून ठेवायला सांगितले, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येईल. दोन्ही मागच्या चाकांमागे हातभर अंतर सोडून मी माझे लाकडी ठोकळे ठेवले. चाके मी नीट पाहिली होती. चाक आणि ठोकळा यांच्यामध्ये मोकळी माती होती, दुसरे काही नव्हते. इंजिन चालू होते तेव्हा गेजचा काटा पाहिला. सकाळी ठाम उभा असलेला काटा आता हळूहळू खाली येत होता. गळती होती, पण आत.

गुरुनाथने ब्रेक लावला, इंजिन बंद केले आणि उतरून माझ्या बाजूला, उजवीकडे, आला. वॉचमन जेवायला घरी गेला होता. आम्हा दोघांशिवाय तिथे कोणी नव्हते.

मशीन कुरकुरली. वीतभर मागे सरकली आणि थांबली. ठोकळ्यांपर्यंत पोचलीच नाही.

मी वळसा घालून डावीकडे गेलो. चाकाखाली चिऱ्याचा तुकडा होता. वरच्या कडेला चुन्याचे बोट पुसलेले. मी हात लावला. चुना ओला होता.

"गुरुनाथ, तू तंबाखू खातोस?"

"शपथ साहेबांनू, मी तंबाखूक हात लावणंय नाय." आता तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये ब्रेक उघडला. आतल्या पिस्टनचे सील चिरले होते. तेल तापून पातळ झाले की तिथून चाके फिरवणाऱ्या चेनच्या बंद डब्यात उतरायचे, म्हणून बाहेर थेंब नाही. दाब कमी पडला की ब्रेक पुरता सुटायचा नाही, घासत राहायचा, आणि तापला की धरायचा नाही. निवल्यावर पुन्हा घट्ट. ब्रेकच्या तबकड्या जळून काळ्या पडल्या होत्या, आणि ते जळणे जुने होते.

मामाने ब्रेक लावला होता.

जुन्या मालकाला फोन केला. "बरें जालें कळलें," म्हणाला आणि पावसाचे बोलू लागला. मग एक जळकी तबकडी कागदात गुंडाळून मामीकडे गेलो. सगळे सांगितले, दगडाचेही. मामी तबकडीवर बोट फिरवत राहिली. मग तिने विचारले, "चुनो ओलो आसलो?"

"हय."

"म्हणजे थंयव तंबाखू खाताच. डॉक्टरान इतक्या सांगून..." ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "तू तेका सांगलंस?"

"काय?"

"ब्रेक लावललो म्हणान."

मी सांगितले नव्हते. दगड मी चाचपला, गेज पाहिले, गुरुनाथला प्रश्न विचारले. जे ऐकायला मामा ओसरीवर बसून राहायचा, ते तेवढे बोलायचे राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आत मयेला परत गेलो. मशीन वर्कशॉपमध्ये होती, उतार रिकामा होता. चाकाची खूण होती, दगड नव्हता. वॉचमन म्हणाला, त्याने उचलला नाही. मी तिथेच उभा राहून मोठ्याने म्हणालो, "मामा, ब्रेक तू लावललो." तळ्याकडून वारा येत होता. बाकी काही झाले नाही.

सील बदलून मशीन परत दिली. गुरुनाथ सांगतो, त्यानंतर एकदाही दगड आलेला नाही. सील का गेले, ब्रेक का सुटला, हे मी सांगू शकतो. तो चिरा कोणी ठेवला, हे मला आजही सांगता येत नाही. इंजिनिअर म्हणून मी समाधानी असायला हवे... पण अजून कुठल्याही साइटवर मशीन थांबली की मी उतरून आधी मागच्या डाव्या चाकाकडे जातो. तिथे माती असते, नुसती माती. मग मीच आजूबाजूला शोधून एक तुकडा आणून लावतो.